दोन मिनिटांच्या डॉक्टरांस खुले पत्र

डॉक्टर,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ लिहायची माझी जुनी सवय आहे. आज त्यातला नमस्कार लिहिते, कारण तुम्ही शिकलेले आहात. विनंती शेवटी करणार आहे. ‘सप्रेम’ मात्र हातून उतरत नाही. बारा दिवसांच्या ज्या बाळाची जीभ आणि वरचा ओठ तुम्ही लेझरने जाळलात, ते बाळ माझी नात आहे.

तुमचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. नाव लिहिलं की भांडण तुमच्या-माझ्यापुरतं उरतं आणि पलीकडच्या गल्लीतला तुमच्यासारखाच दुसरा डॉक्टर मोकळा सुटतो. पत्र मराठीत लिहिते आहे. परदेशात बाळंत होऊन, आई पोचायच्या आत तुमच्या दारात उभ्या राहणाऱ्या मराठी मुलींपर्यंत ते तुमच्याआधी जायला हवं. तुमच्यासाठी माझी मुलगी त्याचं इंग्रजी करून पाठवील. एकही शब्द मऊ करू नकोस, असं मी तिला बजावलं आहे.

मी कोण, तेही सांगते. महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक पीएनसी वॉर्डात. पीएनसी म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड. तिथे एकेका खाटेवर दोन बाया झोपलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिलटकरणीची छाती दगडासारखी झालेली, बाळ रडून निळं-जांभळं, सासू दाराशी डब्याच्या दुधाची भाषा करत उभी, अशा वेळी त्या पोरीच्या शेजारी बसायचं, हे माझं काम होतं. तुमच्याइतक्या पदव्या माझ्याकडे नाहीत. पण बाळ अंगावर कसं घ्यायचं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि तुम्ही जे विकता, ते याच गोष्टीच्या नावावर विकता.

माझं तिकीट तारखेच्या हिशेबाने काढलं होतं. बाळ दोन आठवडे आधी आलं. मी न्यू जर्सीला पोचले तेव्हा ते पंधरा दिवसांचं होतं आणि तुमचं काम होऊन तीन दिवस झाले होते. घरात पाय ठेवला, बॅग अजून दारातच होती, तेवढ्यात मुलीच्या फोनचा अलार्म वाजला. मला मिठी मारायची सोडून ती हात धुवायला गेली. बाळाला टेबलावर आडवं केलं, दोन्ही तर्जन्या त्याच्या जिभेखाली घातल्या आणि जीभ वर ढकलली. जिभेखाली शंकरपाळीच्या आकाराची पिवळट-पांढरी जखम होती. मग वरचा ओठ नाकापर्यंत उचलून धरला. तिथे दुसरी जखम. बाळाने इतका मोठा आ केला की आधी आवाजच फुटला नाही, मग फुटला तो थांबेना. माझी मुलगी रडत मोजत होती. तिने मोजायचं थांबवलं नाही, कारण तुम्ही दिलेल्या कागदावर सेकंद लिहिलेले होते.

चोवीस तासांत सहा वेळा, तीन आठवडे, रात्रीसुद्धा. मी गुणाकार केला, एकशे सव्वीस होतात. जखम पुन्हा जुळून येऊ नये म्हणून आईने स्वतःच्या बोटांनी एकशे सव्वीस वेळा बाळाची जखम ताणायची. दोन मिनिटांचं काम तुम्ही केलंत आणि एकवीस दिवसांचा छळ आईच्या हातून करवलात. वेदना देणारा चेहरा म्हणून बाळाच्या मनात कोणाचा चेहरा बसला असेल, याचा विचार केलात का? तुमच्या तोंडावर मास्क होता.

आणि या ताणण्याचा उपयोग किती? ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ ही तुमच्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था. टंग-टाय, म्हणजे जिभेखालचा बंध, आणि स्तनपान या विषयावरचा तिचा अहवाल २०२४ साली आला. शस्त्रक्रियेनंतरच्या या व्यायामांची शिफारस त्यात केलेली नाही, कारण त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. साध्या कात्रीपेक्षा लेझर बरं, याचाही पुरावा नाही. तुमच्या काचेच्या कपाटात एवढी प्रमाणपत्रं मांडली आहेत, त्या गर्दीत या अहवालाला जागा मिळाली नसावी.

आता आधीच्या बारा दिवसांची गोष्ट. मुलीला पाजताना दुखत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोंडांना चिरा पडल्या, नवव्या दिवशी रक्त आलं. रुग्णालयातून तिला दुसऱ्या दिवशीच घरी पाठवलं होतं. घरी कोणीही बघायला आलं नाही. मग स्तनपानाच्या एका सल्लागार बाईंनी व्हिडिओवर वीस मिनिटं बोलून निदान केलं: जिभेला बंध, वरच्या ओठाला बंध, दोन्ही गालांनाही बंध. त्यांनी एकच नाव सुचवलं, तुमचं. तिसऱ्या दिवशीची वेळही मिळवून दिली.

तुमच्या फॉर्मवर लक्षणांची यादी होती. मी ती दोनदा वाचली. बाळाला उचक्या लागतात का? गॅस होतो का? दूध काढतं का? झोपेतून दचकतं का? पिताना चुटचुट आवाज येतो का? वरच्या ओठावर दूध ओढून फोड आला आहे का? सतत अंगावरच असावंसं वाटतं का? डॉक्टर, एकतीस वर्षांत माझ्या हातांखालून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला यातलं काही ना काही होतंच. तुम्ही बाळपणाची लक्षणं लिहून काढलीत आणि त्यांना रोग म्हणालात. अशा यादीतून कोणतं बाळ न कापता परत जाईल?

त्या फॉर्मवर जे हवं होतं, ते नव्हतं. जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे दोन प्रश्न तोंडात हत्यार घालण्याआधी आमच्या वॉर्डातली शिकाऊ मुलगीसुद्धा विचारते. जीभ बधिर करायला जेल लावलं, ते कोणतं होतं हे मुलीला आजही माहीत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना बेंझोकेन लावू नये, त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, असा इशारा तुमच्याच देशाच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. तुम्ही ते वापरलंत असं मी म्हणत नाही. काय वापरलंत ते सांगायला हवं होतं, एवढंच म्हणते.

आणि वजन. वजन कोणी पाहिलंच नाही. जन्मतः २,९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी २,७१०, म्हणजे नेहमीसारखी घट. अकराव्या दिवशी २,९६०. बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर हे आकडे स्वच्छ लिहिले आहेत आणि तो कागद मुलीच्या पिशवीत होता. दिवसाला सात-आठ डायपर ओले होत होते. तुमच्या दाराशी आलेलं बाळ पोटभर पिणारं आणि वाढणारं बाळ होतं. दुखत आईला होतं. आईला बसवून, बाळ कसं धरते ते तुम्ही एकदा जरी पाहिलं असतंत, तरी दुखण्याचं कारण जिभेखाली शोधावं लागलं नसतं.

बसवणार कुठे? तुमच्या दवाखान्यात माशांची टाकी आहे, कॉफीचं यंत्र आहे, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो आहेत. आईने टेकून बसून बाळाला पाजावं अशी एक खुर्ची नाही. माझ्या मुलीने आधी आणि नंतर पार्किंगमधल्या गाडीत बसून पाजायचा प्रयत्न केला. मधल्या वेळात बाळ आतल्या खोलीत नेलं, ‘आईने आत येऊ नये, ताण येतो’ असं सांगितलं, आणि दोन मिनिटांनी दुपट्यात गुंडाळून आणून दिलं. नऊशे डॉलर आधीच भरून घेतले होते. विम्याने त्यातला एक डॉलर दिला नाही.

तुम्ही म्हणाल, ही म्हातारी जुन्या विचारांची आहे, हिला शस्त्रक्रियाच नको. तसं नाही. खरी बांधलेली जीभ मी पाहिली आहे. एक ऊसतोड मजूर बाई आमच्या वॉर्डात होती. बाळ रडलं की त्याच्या जिभेचं टोक मध्येच खाचून पत्त्यातल्या बदामासारखं दिसायचं. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येतच नव्हती. आम्ही दीड दिवस त्या बाईच्या शेजारी बसलो, सगळ्या तऱ्हांनी बाळ धरून पाहिलं. बाळ पकडायचं आणि सुटायचं, पकडायचं आणि सुटायचं. वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं, तेव्हा सर्जनना बोलावलं. त्यांनी खाचेच्या पट्टीने जीभ उचलली, खालचा पातळ पडदा बोथट टोकाच्या कात्रीने एकदा कापला, गॉज दाबून धरलं. रक्ताचे दोन-तीन थेंब आले. तिथल्या तिथे बाळ आईच्या अंगावर दिलं. ते असं ओढायला लागलं की त्या बाईने डोळे मिटून ‘सुटलं गं बाई’ म्हटलं. मलाही रडू आलं. व्यायाम नाही, अलार्म नाही, बिल नाही.

म्हणून माझं भांडण कात्रीशी नाही, लेझरशीही नाही. ते यंत्र जिथे टेकवाल तिथे जाळतं, त्याला दोष काय द्यायचा? भांडण तुमच्याशी आहे. ते दीड दिवस शेजारी बसणं तुम्ही गाळून टाकलंत.

बसल्याने काय होतं, याचा हिशेब तुमच्याच देशात झालेला आहे. बॉस्टनमध्ये जीभ कापण्यासाठी पाठवलेल्या ११५ तान्ह्या बाळांना आधी जाणकारांनी पिताना नीट पाहिलं, आयांना मदत केली. त्यातल्या ७२ बाळांना कापावंच लागलं नाही. हा अभ्यास २०१९ साली छापून आला. शंभरात बासष्ट-त्रेसष्ट बाळं नुसत्या बघण्याने आणि बसण्याने सुटली.

आणि कापल्याने काय होतं, याचाही हिशेब आहे. २०१७ साली ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या अभ्यासकांनी जगातल्या पाच चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सगळी मिळून ३०२ बाळं होती. आईचं दुखणं थोड्या दिवसांसाठी कमी झालेलं दिसलं. बाळ अधिक चांगलं प्यायला लागतं, असं खात्रीने दिसलं नाही. आईचं दुखणं कमी होणं ही लहान गोष्ट नाही. मी ते दुखणं रोज पाहिलं आहे, स्वतः भोगलंही आहे. पण ‘थोडं, काही दिवस, काही जणींना’ असं प्रामाणिकपणे सांगून कापणं वेगळं, आणि झोप, उचक्या, दातांतली फट, पुढचं घोरणं, बोलणं हे सगळं या दोन मिनिटांत बसवून विकणं वेगळं.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल मुलांमध्ये १९९७ साली टंग-टायची नोंद ३,९३४ जणांची होती. २०१२ साली ती ३२,८३७ झाली. कापलेली मुलं १,२७९ वरून १२,४०६ वर गेली. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या का? यात तुमच्यासारख्या दातांच्या दवाखान्यांत कापलेली बाळं मोजलेलीच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या धंद्यावर मोठी शोधबातमी छापली. कापल्यानंतर अंगावर पिणंच सोडलेल्या बाळांच्या आया त्यात बोलल्या आहेत. माझ्या मुलीने ती बातमी तुमच्याकडे जाऊन आल्यावर वाचली. त्या रात्री ती झोपली नाही.

थोडी न्यायाची गोष्टही लिहिते. बाटलीच्या दुधाचा जमाना होता तेव्हा डॉक्टर जिभेकडे बघायचं विसरले होते. बाळ बाटलीतून कसंही पितं. मग आया पुन्हा अंगावर पाजायला लागल्या, आणि खरोखर अडलेल्या काही बाळांकडे कोणी लक्ष देईना. ती चूक दुरुस्त करायला काही भले लोक पुढे आले. गरज खरी होती. पण गरजेच्या मागोमाग दुकान आलं. पूर्वी युरोपात काही सुईणी करंगळीचं नख वाढवून नव्या बाळाच्या जिभेखालचा पडदा सरसकट तोडत. तुम्ही नखाच्या जागी लेझर आणलंत, सरसकटपणा तोच ठेवलात.

ज्याला तुम्ही आईसमोर ‘दोरी’ म्हणता, ती दोरी नसते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. न्यूझीलंडच्या निक्की मिल्स या कान-नाक-घसा सर्जन. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जिभेखालची रचना उलगडून दाखवली: तोंडाच्या तळाशी पसरलेल्या आवरणाची ती घडी आहे, जीभ उचलली की ताणून उभी राहते. अगदी वरवर, त्या घडीच्या आसपास, जिभेला संवेदना देणाऱ्या नसेच्या फांद्या आहेत. शेजारीच लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत. माझ्या नातीच्या कागदावर तुम्ही ‘पोस्टीरियर टंग-टाय’ लिहिलंत, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, आत दडलेला बंध. त्याच्या व्याख्येवर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. न दिसणारा रोग शोधायला तुम्हाला वीस सेकंद पुरले, आणि तो बरा करायला खोल जाळावं लागलं.

ओठाबद्दल तर मला तुम्हाला तुमच्याच शास्त्राची आठवण करून द्यायची आहे. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी घडी प्रत्येकाला असते. स्टॅनफर्डमध्ये १०० निरोगी नवजात बाळं तपासली, तेव्हा शंभरच्या शंभर बाळांना ती सापडली. हा अभ्यास २०१७ सालचा. ज्या वर्गवारीवर बोट ठेवून तुम्ही ‘ग्रेड थ्री’, ‘ग्रेड फोर’ सांगता, तीत एकाच बाळाला दोन तपासणारे दोन वेगळे आकडे देतात, हेही तिथेच दिसलं. बालरोगतज्ज्ञांच्या अहवालात ओठाच्या आणि गालाच्या घड्यांचा स्तनपानाशी संबंध मानलेला नाही. बाळ वाढतं, जबडा वाढतो, दात येतात आणि ही घडी आपोआप वर सरकते.

‘पुढे दातांत फट पडेल’ असं तुम्ही माझ्या मुलीला सांगितलंत. समोरच्या दातांतली फट लहान मुलांत नेहमीची असते. कायमचे सुळे उतरले की, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, ती बहुतेकांची मिटते. तोवर थांबावं, फट राहिलीच तर आधी दात जवळ आणावेत आणि घडीला हात लावायचा तर त्यानंतर, असं दात सरळ करणारे डॉक्टर शिकतात. एकही दात नसलेल्या बारा दिवसांच्या हिरडीला अकरा वर्षांनंतरच्या फटीची भीती घालून तुम्ही जाळलंत. दंतवैद्यकाच्या पहिल्या परीक्षेत तुम्ही हे उत्तर लिहिलं असतं, तर तुम्हाला पास केलं असतं का?

आता मी तिथे काय केलं ते सांगते. त्यात तुमच्या मालकीचं एकही यंत्र लागलं नाही.

पहिल्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना फोन करून विचारलं आणि ते ताणणं बंद केलं. फोनमधला अलार्म मुलीने माझ्यासमोर पुसला. बाळ अंगाजवळ नेलं की ओठ घट्ट मिटून मान फिरवत होतं. तोंडाजवळ काहीही आलं की दुखतं, हे त्याला तीन दिवसांत पक्कं कळलं होतं. बारा दिवस दुखत का होईना, पण पिणाऱ्या बाळाला आईच्या छातीची भीती बसली होती. मी नोकरीत उपाशी बाळं पाहिली, आजारी बाळं पाहिली. आईला घाबरणारं बाळ पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या घरात पाहिलं.

मग घाई केली नाही. मुलीने दूध काढायचं, मी ते बोंडल्याने पाजायचं. माझ्या मुलीचंच लहानपणचं चांदीचं बोंडलं मी बॅगेतून नेलं होतं. कौतुक म्हणून नेलं होतं, ते औषधासारखं कामाला आलं. उरलेला वेळ बाळ नुसतं आईच्या उघड्या छातीवर, वरून शाल. पाजायचा आग्रह नाही. पाचव्या दिवशी पहाटे, अर्धवट झोपेत, ते स्वतःच तोंडाने चाचपत खाली सरकलं.

त्या दिवशी सकाळी मी मुलीच्या शेजारी चाळीस मिनिटं बसले. पाठीला उशी दिली. पुढे वाकून ती छाती बाळाच्या तोंडात घालत होती, बाटली द्यावी तशी. तिला टेकून बसवलं. बाळाचं पोट तिच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. आता थांब, म्हटलं. मोठी जांभई द्यावी एवढं तोंड उघडेपर्यंत थांब. उघडलं की बाळाला छातीकडे आण, छातीला बाळाकडे नेऊ नकोस. आधी हनुवटी टेकू दे. खालचा काळा भाग जास्त आत जाऊ दे. तीनदा चुकलं. तिन्ही वेळा करंगळीने पकड सोडवून पुन्हा केलं. चौथ्यांदा बाळाने धरलं आणि गिळल्याचा आवाज आला. मुलगी श्वास रोखून बसली होती. म्हणाली, “आई, दुखत नाहीये.” मग तीच म्हणाली, “म्हणजे हे आधीच जमलं असतं?”

या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही, डॉक्टर. ते तुमच्याकडे पाठवते आहे.

माझ्या राज्यात बाळ रुग्णालयात जन्मलं तरी आशाताई घरी येते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी तिने द्याव्यात असा नियम आहे. पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर. सगळ्या भेटी नेहमी नीट होतातच असं मी म्हणणार नाही, मी तो कारभार आतून पाहिला आहे. पण तिसऱ्या दिवशी दारात कोणीतरी यायला हवं, हे आम्ही कागदावर तरी मान्य केलं आहे. तुमच्या श्रीमंत देशात ती जागा रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेत तुम्ही कॅश काउंटर टाकलंत.

आपल्याकडच्या वाचकांनी मात्र समाधान मानू नये. मे २०२४ मध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चार वर्षांची मुलगी हाताचं सहावं बोट काढायला आली होती. तिला बाहेर आणलं तेव्हा तोंडात कापूस होता. बोटाऐवजी जिभेवर शस्त्रक्रिया झाली होती. तिच्या जिभेला बंध होता, असा खुलासा पुढे आला. सरकारने डॉक्टरला निलंबित केलं. बंध होता की नव्हता, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. आईबापांना न विचारता मुलीच्या जिभेला हात लावावा आणि मग ‘टंग-टाय होता’ एवढं म्हणणं पुरावं, इतका हा शब्द स्वस्त झाला आहे, याची मला भीती वाटते.

आपल्या घरांतही मूल दोन वर्षांचं होऊन बोललं नाही की कोणीतरी सांगतं, जीभ जड आहे, दोरी कापून आणा. बांधलेल्या जिभेने बोलणं उशिरा येत नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायचे असतात. ‘ळ’ आणि ‘र’ नीट यायला पुष्कळ मुलांना शाळेचं वय उजाडतं. शंका असेल तर वाचा-उपचार करणाऱ्यांकडे न्या, त्यांनी सांगितलं तर सर्जनकडे. लेझरची पाटी पाहून थेट आत शिरू नका.

नात आता पाच महिन्यांची आहे. गुटगुटीत आहे. जीभ बाहेर काढून मला वेडावते. तुमच्या जाहिरातीत तिचा फोटो लावू नका. ती तुमच्यामुळे पीत नाही, तुम्ही केलेलं निस्तरून पिते. मुलीचं मात्र अजून निस्तरलेलं नाही. अलार्म पुसून साडेचार महिने झाले, तरी पहाटे तीनला ती दचकून उठते आणि हात धुवायला जाते.

आता विनंती. सुरुवातीला कबूल केली होती ती.

दवाखान्यात एक खुर्ची घ्या. हात असलेली, पाठीला उंच टेकण असलेली, पायाखाली पाट. माशांच्या टाकीशेजारी जागा होईल. बाळाच्या तोंडात बोट घालण्याआधी आईला त्या खुर्चीत बसवा आणि पाजायला सांगा. तुम्हाला त्यातलं कळत नसेल तर कळणारी बाई बोलवा, तिला तिच्या वेळेचे पैसे द्या, आणि कापलं तर जास्त, न कापलं तर कमी असा हिशेब तिच्याशी ठेवू नका. वजनाचा कागद मागा. कापायचंच ठरलं तर आईला खोलीत राहू द्या. का कापता, किती फायदा होईल, काय बिघडू शकतं, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगा. ओठाला हात लावू नका. दोन दिवसांनी स्वतः फोन करा आणि बाळ पितं का ते विचारा.

आणि त्या खुर्चीसमोर तुम्ही एक स्टूल घेऊन बसा. चाळीस मिनिटं. बाळ तीनदा चुकेल, आई रडेल, तुमच्या बाहेरच्या रांगेतले लोक घड्याळ बघतील. बसून राहा. चौथ्यांदा गिळल्याचा आवाज आला तर काहीही न कापता त्यांना घरी पाठवा.

कळावे,

तुम्ही कापलेल्या एका बाळाची आजी,
निवृत्त परिचारिका